मासाई वस्तीला भेट द्यायची असेल तर: आधी काय, नंतर काय आणि लोक नेमके कुठे चुकतात

केनिया-टांझानियाच्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात 'मासाई गाव' ही एक ओळ असते, तीही दोन सफारींच्या मध्ये, भर दुपारी. प्रत्यक्षात असं होतं: चालक गाडीतच विचारतो, 'गाव बघायचंय का?' अर्धे हो म्हणतात, अर्धे पेंगत असतात. कुंपणाशी पोचल्यावर पैशांचा आकडा कळतो, तिथे कुरकुर सुरू होते. मग नाच, उड्या, काड्या घासून विस्तव, अंधाऱ्या घरात पाच मिनिटं, शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार. परतताना गाडीत दोनच वाक्यं ऐकू येतात: 'सगळा धंदा आहे' आणि 'बिचारे किती गरीब'. पहिल्या खेपेला मीही यातलं एक वाक्य बोललो होतो. कोणतं ते सांगत नाही.

हे सगळं बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. जे प्रश्न घरी बसून सोडवायचे, ते आपण कुंपणाशी सोडवायला जातो. आणि जे तिथे गेल्यावर सावकाश करायचं, ते गाडीतून उतरताच उरकतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या.

टप्पा १: कोणती वस्ती आणि कोणामार्फत, हे निघण्याआधी ठरवा

मासाई लोक दक्षिण केनियात (मुख्यतः नारोक आणि काजियाडो परगण्यांत) आणि उत्तर टांझानियात राहतात. त्यांची भाषा मा. कुटुंबाच्या काटेरी कुंपणातल्या वस्तीला मा भाषेत 'एन्कांग' म्हणतात, स्वाहिलीत 'बोमा'. पर्यटक सर्रास 'मन्यात्ता' म्हणतात, पण तो शब्द मुळात तरुण योद्ध्यांच्या, म्हणजे मोरानांच्या वेगळ्या वस्तीसाठी आहे.

पाहुण्यांना साधारण तीन प्रकारे जाता येतं.

पहिला प्रकार अभयारण्याच्या फाटकांजवळच्या वस्त्यांचा. केनियातल्या मासाई मारा अभयारण्यात, म्हणजे थोडक्यात मारामध्ये, सेकेनानी, तालेक, ओलूलाईमुतिया या फाटकांच्या आसपास, केनियातल्याच अंबोसेलीच्या भोवती आणि टांझानियातल्या न्गोरोंगोरोमध्ये अशा वस्त्या आहेत. त्यांना पर्यटकांची सवय आहे, कार्यक्रम ठरलेला असतो. यात खोटं काही नाही. लोक खरे असतात, फक्त तुम्ही त्यांच्या कामाच्या वेळेत आलेले असता.

दुसरा प्रकार माराला लागून असलेल्या सामुदायिक संरक्षित क्षेत्रांचा: नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी वगैरे. तिथे मासाई कुटुंबांनीच आपली जमीन भाड्यानं दिलेली असते आणि त्यांना त्याचे नियमित पैसे मिळतात. तिथल्या पर्यटकांच्या तळांवर काम करणारे वाटाडे बरेचदा त्याच भागातले असतात. ते तुम्हाला ओळखीच्या घरी नेऊ शकतात. खर्च जास्त, पण भेट निवांत.

तिसरा प्रकार टांझानियातल्या स्थानिक सांस्कृतिक पर्यटन उपक्रमांचा. लोंगिदो, एन्गारुका, म्टो वा म्बू इथे तो चालतो. वाटाड्याबरोबर पायी फिरायचं, अर्धा किंवा पूर्ण दिवस. वेळ असेल तर माझी पसंती यालाच.

सहल आयोजकाला तीन प्रश्न लेखी विचारा: वस्तीचं नाव काय? पैसे कोणाच्या हातात जातात? आम्ही येणार हे त्यांना आधी माहीत असेल का? तिसऱ्याचं उत्तर 'त्याची गरज नसते' असं आलं, तर दुसरा आयोजक शोधा.

तपासा: गट आठ जणांपेक्षा मोठा आहे का? असेल तर दोन तुकड्या करा, दोन वेगळ्या वेळी. तीस माणसं एका कुंपणात शिरली की भेट संपते, जत्रा सुरू होते.

टप्पा २: पैशांचं बोलणं आधी आणि एकदाच

मारा परिसरात वस्तीच्या भेटीचे माणशी साधारण २० ते ३० डॉलर सांगितले जातात. रक्कम वस्तीगणिक बदलते, म्हणून जाण्याआधी विचारा: यात काय धरलंय? फोटो धरलेत का? लहान मुलांचे वेगळे का? वाटाड्याला वेगळं द्यायचं का?

मेख अशी की, चालकामार्फत दिलेल्या पैशांतला मोठा वाटा वाटेतच थांबल्याच्या तक्रारी अनेक ठिकाणी झाल्या आहेत. म्हणून रक्कम स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर, वस्तीच्या वडीलधाऱ्याला किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाला द्या. 'ही आमच्या सहा जणांची' असं मोठ्यानं म्हणा. यात कोणावर अविश्वास दाखवणं नाही, आपल्याकडे ग्रामसभेत हिशोब वाचतात तसंच ते आहे.

सुट्ट्या नोटा ठेवा: केनियात केनियन शिलिंग, टांझानियात टांझानियन. डॉलर नेलेत तर नवे आणि स्वच्छ न्या, जुन्या मळक्या नोटा नाकारल्या जातात. केनियात एम-पेसा हा मोबाइलवरून पैसे देण्याचा मार्ग २००७ पासून चालू आहे. शुका, म्हणजे मासाई लोकांची अंगावर घ्यायची चादर, पांघरलेल्या आजोबांनी फोन काढून एम-पेसाचा नंबर सांगितला तर दचकू नका.

इशारा: रक्कम पटली नाही तर घरीच नाही म्हणा. कुंपणाशी उभं राहून घासाघीस करणं म्हणजे लग्नाच्या मांडवात हुंड्यावरून वाद घालण्यासारखं आहे.

टप्पा ३: वेळ निवडा

ही सगळ्यात महाग चूक, तरी तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

दुपारी दोन वाजता वस्तीत गुरं नसतात. सकाळी धारा झाल्या की कळप चरायला निघतो आणि सूर्य मावळण्याआधी परततो. ज्या लोकांचं जगणं गुरांभोवती फिरतं, त्यांच्या घरी गुरं नसताना जाऊन आपण रिकामा गोठा बघून येतो. शक्यतो भल्या सकाळी जा किंवा संध्याकाळी कळप परतताना जा. वासरं आयांना हाका मारत असतात, बायका तुंब्या घेऊन धारेला बसलेल्या असतात, पोरं कोकरांमागे धावत असतात. तेव्हा कोणाला नाच करून दाखवण्याची गरजही पडत नाही.

यात एक हिशोबही आहे. मारा राष्ट्रीय अभयारण्याचं परदेशी प्रौढ पाहुण्याचं तिकीट २०२४ पासून जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालं, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहापुरतं. वस्त्या अभयारण्याबाहेर असतात, त्यांना हे तिकीट लागत नाही. म्हणजे तिकीट काढलेल्या दिवशी वस्तीला जाणं दुहेरी तोट्याचं. पोचल्या दिवशीची संध्याकाळ किंवा निघायच्या दिवशीची सकाळ राखून ठेवा.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी: मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. मारातली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखीच चिकट, गाडी रुतली की रुतली. दोन तास जास्तीचे धरा.

आणि स्वाहिली घड्याळ! तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. 'सा तातू' म्हणजे शब्दशः तीन, पण घड्याळात नऊ. वेळ ठरवताना 'तुमच्या घड्याळाचे की माझ्या?' हे विचारा. मी एकदा सहा तास आधी जाऊन बाभळीखाली बसलो होतो.

टप्पा ४: पिशवीत काय, अंगावर काय

- जाड तळाचे बंद बूट. कुंपण बाभळीच्या काट्यांचं असतं आणि काटे जमिनीवरही पडलेले असतात.
- खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे. सलवार-कुडता उत्तम. लष्करी छापाचे कपडे नकोत.
- प्लास्टिकची पिशवी नको. केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. चिवडा-चकली डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. हे नैरोबीच्या विमानतळावर उतरण्याआधीच करा.
- ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय उडवणं बेकायदा आहे, शिवाय गुरं बिथरतात.
- पिवळ्या तापाची लस घेतल्याचं पिवळं कार्ड. केनियाहून भारतात परतताना ते विमानतळावर मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईतल्या केंद्रांवर सुट्टीच्या हंगामात रांग असते, म्हणून महिनाभर आधी बघा.

इशारा: गोळ्या-चॉकलेटं, पेन, जुने कपडे मुलांना वाटण्यासाठी नेऊ नका. गाडी दिसली की शाळा सोडून धावणारी मुलं यातूनच तयार झाली. काही द्यायचंच असेल तर काय हवं ते आधी विचारा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा वस्तीतल्या मोठ्या माणसांकडे द्या.

टप्पा ५: चार शब्द पाठ करा

'जांबो' हा स्वाहिली नमस्कार पर्यटकांसाठीचा, तो वाटेल तितका वापरा, पण वस्तीत मा भाषेतला एक शब्द शंभर जांबोंना भारी पडतो.

'सोपा' म्हणजे नमस्कार. समोरून 'इपा' किंवा 'एपा' असं उत्तर येतं. बायकांना 'ताक्वेन्या' म्हणतात, त्यांचं उत्तर 'इको'. 'आशे' म्हणजे धन्यवाद, 'आशे ओलेंग' म्हणजे खूप धन्यवाद. फोटोसाठी स्वाहिलीत 'नाओंबा कुपिगा पिचा?' आणि नको म्हणायला 'हपाना, असांते'. वयस्कर पुरुषाला 'म्झे', बाईंना 'मामा'. आपल्या दादा-मावशीसारखंच, नावानं हाक मारायची नाही.

तुम्ही जिला गाडी म्हणता तिला तेही 'गारी'च म्हणतात, आणि चपाती-चहाही नावासकट तिथे पोचलेत. बोलायला काही सुचलं नाही तर इथून सुरुवात करा, हशा नक्की.

टप्पा ६: कुंपणाशी

१. गाडी लांब थांबवा. धूळ चुलीत आणि दुधात जाते.

२. आत शिरू नका. एन्कांगला एकाहून अधिक फाटकं असतात आणि प्रत्येक फाटक एकेका कुटुंबाचं असतं. फाटकाच्या उजव्या-डाव्या हाताला त्या घरच्या बायकांची घरं लग्नाच्या क्रमानं असतात. तुम्ही ज्याचे पाहुणे, त्याच्याच फाटकातून आत जायचं. उघडं दिसलं म्हणून भलत्या फाटकातून घुसणं म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येणं.

३. आधी वडीलधाऱ्यांना अभिवादन, मग बाकीच्यांना. मोठ्यांशी हस्तांदोलन. मुलं मात्र तुमच्यासमोर येऊन मान खाली घालतील आणि तशीच उभी राहतील. ती लाजत नसतात, वाट बघत असतात. त्यांच्या डोक्यावर हलकेच तळहात टेकवा. वाकून नमस्कार करणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच जमतं, फक्त आधी माहीत हवं. नाहीतर मूल मान घालून उभं आणि पाहुणा वरून फोटो काढतोय, असं दृश्य मी पाहिलंय.

४. एखाद्या म्हाताऱ्या माणसानं तुमच्या हातावर किंवा बाळावर थुंकल्यासारखं केलं तर हात झटकू नका. तो आशीर्वाद आहे.

५. वाटाडा भाषांतर करत असला तरी बोलताना बघायचं आजोबांकडे, वाटाड्याकडे नाही.

तपासा: पैसे दिले? ओळख झाली? फोटोंचं काय ठरलं ते सगळ्या गटाला कळलं? तिन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे.

टप्पा ७: घराच्या आत

मासाई घर बायका बांधतात: काटक्यांचा सांगाडा, वर माती आणि शेणाचा लेप. शेणानं सारवलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना वास ओळखीचा वाटेल. नाक मुरडणारे बहुतेक सोसायटीत वाढलेले असतात. घर ठेंगणं असतं, दार वळणावळणाचं. पाठीवरची सॅक बाहेर ठेवा, डोकं वाकवा, आणि आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत मिनिटभर नुसते उभे राहा. मोबाइलचा दिवा लगेच पेटवू नका, तिथे कोणी झोपलेलं असू शकतं, कोपऱ्यात वासरूही असतं.

एका वेळी तीन-चार जणच आत. दम्याचा त्रास असेल तर जाऊच नका. चुलीचा धूर बाहेर जायला एखादं झरोक्याएवढं भोकच असतं.

चहा मिळाला तर बसा आणि प्या. दुधाचा, गोड, उकळलेला असतो, आपल्याला परका वाटत नाही. भोपळ्याच्या तुंबीतलं दूध पुढे आलं तर गोष्ट वेगळी. तुंबी जळत्या काडीनं आतून धुरावून स्वच्छ करतात, म्हणून दुधाला धुराची चव असते. पण ते कच्चं असतं, आणि न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो. तुंबी दोन्ही हातांनी घ्या, 'आशे' म्हणा आणि आपण उकळलेलंच पितो हे सरळ सांगा. तोंड वेंगाडण्यापेक्षा सरळ नकार बरा.

शाकाहारी लोकांची एक वेगळीच फजिती होते. गाईवर एवढं प्रेम बघून त्यांना वाटतं आपलेच भाऊबंद भेटले. मग कळतं की हे लोक मांसही खातात आणि काही प्रसंगी गुराचं रक्त दुधातून पितात. तिथे गोमातेवर व्याख्यान देऊ नका. तसंच 'रक्त पिऊन दाखवा' अशी फर्माईशही करू नका. ती मी एका गटाकडून ऐकली आहे.

टप्पा ८: कॅमेरा सगळ्यात शेवटी

पहिली वीस मिनिटं फोन खिशात. नंतर ज्याचा फोटो घ्यायचा त्याला विचारा. वस्तीनं एकंदर परवानगी दिली असली तरी माणसाला वेगळं विचारायचंच. चुलीशी बसलेली बाई, अंगावर पिणारं मूल, आजारी माणूस यांच्यासाठी विचारायचंही नाही. मुलांच्या डोळ्यांवर बसलेल्या माश्यांचा जवळून फोटो हा या सगळ्यातला सर्वात हलका प्रकार.

न्गोरोंगोरो-सेरेंगेटीच्या रस्त्यालगत काळ्या कपड्यांतली, तोंडाला पांढरे पट्टे रंगवलेली पोरं दिसतात. सुंता झाल्यानंतरच्या काळातला तो वेष. ती फोटोचे पैसे मागतात. गाडी थांबवू नका. प्रत्येक थांबलेल्या गाडीनं आणखी एक पोरगा रस्त्यावर आणून उभा केलाय.

उड्यांच्या नाचाला, अदुमूला, बोलावलं तरच गोलात जा. सरळ उभ्यानं, टाचा जमिनीला न टेकवता उडी मारायची असते. तुमची उडी वीतभरच जाईल, ते हसतील, तुम्हीही हसा. गुडघे दुखरे असतील तर टाळ्या वाजवा.

टप्पा ९: काय विचारायचं, काय नाही

'तुमच्याकडे किती गाई?' हा आपला पहिला प्रश्न असतो आणि तोच चुकीचा. गुरं आणि मुलं मोजून आकडा सांगणं परंपरेनं अशुभ मानतात. शिवाय तो बँकेतली शिल्लक विचारण्यासारखा प्रश्न आहे. २०२० ते २०२३ च्या दुष्काळात काजियाडोसारख्या भागात कळपच्या कळप गेले, तेव्हा आकड्यामागे जखमही असू शकते. 'बायका किती?' हाही त्याच जातीचा प्रश्न. वारलेल्या माणसाचं नाव वारंवार काढणंही टाळा.

त्याऐवजी विचारा: यंदा पाऊस कसा झाला? ही गाय कोणाची लाडकी? चरायला किती लांब जावं लागतं? मुलगी कितवीत आहे? शेतकऱ्याच्या घरी आपण जे विचारू ते सगळं इथेही चालतं.

मुलींच्या खतन्याबद्दल अनेकांना विचारायचं असतं. केनियात २०११ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे. विषय महत्त्वाचा आहे, पण सहा परक्यांनी पुरुषांच्या देखत एखाद्या बाईला त्यावर बोलायला लावणं हा अत्याचारच. टांझानियात न्गोरोंगोरो आणि लोलियोंदोच्या जमिनींचा वादही तसाच धगधगता आहे. २०२२ च्या जूनमध्ये तिथे सीमा आखण्यावरून चकमकी झाल्या. यजमानांनी स्वतः विषय काढला तर ऐका, पण कॅमेरा चालू ठेवून त्यांचं मत काढून घेऊ नका. तुम्ही विमानानं घरी जाल, ते तिथेच राहणार आहेत.

टप्पा १०: खरेदी

शेवटी बायका मण्यांचे दागिने मांडतील. घ्यायची सक्ती नाही. घ्यायचं नसेल तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत बसू नका, कारण उचललं की आशा लागते. घ्यायचं असेल तर 'हे कोणी केलं?' विचारा आणि पैसे तिच्याच हातात द्या. थोडी घासाघीस तिथे चालते, पण एक-दोन फेऱ्यांतच थांबा. तुळशीबागेतली 'अर्ध्यात द्या' ही चाल इथे नको.

काचेचे मणी बहुतांशी चेक प्रजासत्ताकातून येतात आणि शुका कारखान्यात विणलेली असते. म्हणून माळ 'नकली' होत नाही. पैठणीची जर कुठून येते हे आपण तरी कुठे विचारतो? नैरोबीतल्या मासाई मार्केटमधला सगळा माल मासाईंनी केलेला असतो असंही नाही.

इशारा: सिंहाचा दात, नख, कातडं, हस्तिदंत कोणी लपूनछपून दाखवलं तर हातही लावू नका. केनियात आणि भारतातही तो गुन्हा आहे. 'रुंगू' म्हणजे लाकडी सोटा घेतलात तर विमानात मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात तो सुरक्षा तपासणीत जप्त होतो.

टप्पा ११: परतल्यावर

फोटो पाठवायचं कबूल केलं असेल तर आठवड्याच्या आत पाठवा. वस्तीतल्या कोणाकडे तरी व्हॉट्सॲप असतंच, वाटाड्याचा नंबर निघतानाच घ्या. छापील फोटो हवे असतील तर पुढच्या महिन्यात तिकडे जाणाऱ्या ओळखीच्याबरोबर पाकीट द्या. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना मथळ्यात 'आदिम', 'जगापासून तुटलेले' असलं काही लिहू नका, यजमानांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं ते भाषांतर लावून वाचलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. नाव लिहिणार असाल तर विचारून घ्या. त्यात 'ओले' आलं तर ते मधलं नाव नव्हे, त्याचा अर्थ 'अमक्याचा मुलगा', तेव्हा ते गाळू नका.